नुक्ता कापला जातो तेव्हा

आमच्या अकरावीच्या मुली वाचनालयासाठी पायथनच्या जँगोत ॲप करीत आहेत. प्रत्येकीचे एक पान: गोल चौकटीत फोटो, शेजारी मराठीत आणि उर्दूत नाव. फोटो चेपले होते. ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’ लिहिताच नीट झाले. फोटो नको असेल तिथे नावाचे पहिले अक्षर. तेही पायथनने ‘मुमताज’चे नुसते ‘म’ केले, उकार त्याच्या हिशेबी वेगळे चिन्ह!

खरी पंचाईत उर्दूत झाली. ‘झैनब’मधले ‘ये’चे दोन आणि ‘बे’चा एक नुक्ता खालून कापलेले. नस्तालीक लिपी तिरकी उतरत येते, तिला उभी जागा जास्त लागते. मुलींनी चौकट देवनागरीच्या मापाने बांधली होती आणि बाहेर जाईल ते लपवायला सांगितले होते. नुक्ते गेले की नावच वाचता येत नाही, हे तर आम्ही उर्दूच्या तासाला रोज सांगतो.

चौकटीची ठरावीक उंची काढली, ‘लाइन-हाइट’ दुपटीच्या वर नेली, नाव उजवीकडून सुरू व्हावे म्हणून ‘डिर’ला ‘ऑटो’ दिले. तरी पडद्यावर जुनेच! ब्राउझरने सीएसएसची आधीची प्रत जपून ठेवली होती. कंट्रोल आणि एफ-५ दाबले.

“मॅडम, याचा फोटो दादीला पाठवू? तिला फक्त उर्दूच वाचता येते.”