‘प्रगत’ पाणबुड्याचे प्रमाणपत्र

पलसाण्यापासून समुद्र काही फार दूर नाही. परंतु डुमसचा काय किंवा दांडीचा काय, तो समुद्र बुडी मारून पाहण्याचा नव्हे. तापी, नर्मदा, मही ह्या नद्यांचा गाळ खंबायतच्या आखातात येतो, भरती-ओहोटीची ओढ जबर, आणि पाण्याखाली स्वतःचा हात दिसणे कठीण. म्हणून आमच्या भागातील हौशी तरुण कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत जातात आणि तेथून मालवण-तारकर्ली गाठतात.

अलीकडे अशा काही घरांतून एकच प्रश्न आमच्यापुढे आला आहे. मुलाने पाण्याखाली संचार करण्याचा, म्हणजे स्कूबाचा, पहिला अभ्यासक्रम पुरा केला. आता लागलीच त्याच्या पुढचा, ‘प्रगत’ म्हणविला जाणारा अभ्यासक्रम करू द्या म्हणून तो हट्ट धरून बसला आहे. तर पैसे द्यावेत काय? गिरणीत राबून चार पैसे गाठीस बांधणाऱ्या पित्यास हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. शिवाय येथे पैशाबरोबर मुलाच्या जिवाचाही संबंध येतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांस थोडा वेळ पाण्याखाली नेऊन मासे दाखवतात, तो अभ्यासक्रम नव्हे. तेथे वाटाड्या आपणांस धरून असतो आणि पोहता येण्याचीही अट नसते. खरे शिक्षण निराळे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तारकर्ली येथे ह्या विद्येची संस्था आहे. तेथे आणि अन्यत्रही पुष्कळदा ‘पॅडी’ ह्या १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांनुसार शिकवतात. तिच्या पहिल्या, ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रमात २०० मीटर पोहून दाखवावे लागते, १० मिनिटे तरंगावे लागते, तलावातील सराव होतो आणि मग समुद्रात चार बुड्या होतात. उत्तीर्ण झालेल्यास जोडीदारासह १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची मुभा मिळते.

आता ‘अॅडव्हान्स्ड’ म्हणजे काय ते पाहू. शिक्षकाच्या देखरेखीखाली आणखी पाच बुड्या. त्यांपैकी एक खोल पाण्याची आणि एक होकायंत्राने दिशा राखण्याची, ह्या दोन सक्तीच्या. उरलेल्या तीन आपल्या आवडीच्या. शेवटी लेखी परीक्षा नाही. मर्यादा १८ वरून ३० मीटरवर जाते. पहिल्या अभ्यासक्रमानंतर मध्ये अमुक इतक्या बुड्या झाल्या पाहिजेत अशी अटही नाही. म्हणजे आयुष्यात अवघ्या नऊ वेळा पाण्याखाली गेलेला मुलगा ‘प्रगत’ ठरू शकतो! ‘एसएसआय’ नावाची दुसरी संस्था हेच नाव द्यावयास चार विशेष विषय आणि एकूण २४ बुड्या मागते. शब्द एकच, पण वजन किती निराळे! विशेषणाचे पैसे मोजण्यापूर्वी गृहस्थाने हे ध्यानी घ्यावे.

३० मीटर हा आकडा कागदावर लहान दिसतो. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो अशी समजूत आहे, ती चुकीची. ती आपली नेहमीचीच हवा, दाबून भरलेली. जी टाकी १० मीटरवर तासभर पुरते, ती ३० मीटरवर अर्धाच तास पुरते. पॅडीच्या कोष्टकाप्रमाणे पहिल्या बुडीत १८ मीटरवर ५६ मिनिटे राहता येते, ३० मीटरवर केवळ २०. त्याहून अधिक राहून सरळ वर आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनाचे बुडबुडे होऊन अंग लुळे पडण्याची भीती असते. त्या खोलीच्या सुमारास ह्याच वायूची एक प्रकारची गुंगीही चढू लागते, आणि गुंगी आलेल्या माणसास ती आल्याचे कळतेच असे नाही. ज्याला अजून आपली तरंगण्याची पातळी सांभाळता येत नाही, हवेचा काटा पाहण्याची सवय अंगी मुरलेली नाही, त्याने तेथे कशास जावे?

परंतु दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती आम्ही लपविणार नाही. ती गुंगी पहिल्यांदा अनुभवावयाची तर शिक्षक शेजारी असतानाच अनुभवलेली बरी. होकायंत्राचा धडा तर आमच्या मते सर्वांत मोलाचा. मालवणचे पाणी गढुळले म्हणजे होडी कोणत्या दिशेस आहे हे त्यावाचून समजत नाही. शिवाय वर्षातून एकदाच समुद्र पाहणाऱ्या मुलाने पाच बुड्या भाड्याच्या सोबत्याबरोबर मारण्यापेक्षा शिक्षकाबरोबर मारल्या तर काय वाईट?

तेव्हा आमचे मत असे: अभ्यासक्रम वाईट नाही, घाई वाईट आहे. पहिल्या परवान्यावर १८ मीटरच्या आत दहा-पंधरा साध्या बुड्या होऊ द्याव्या. मग त्याला विचारावे, ‘बाबा रे, तुला खाली काय पाहावयाचे आहे?’ त्याने विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेस असलेल्या आंग्रिया बँकेचे नाव घेतले, तर त्याचे म्हणणे रास्त आहे. तेथील प्रवाळांचे पठार पाण्याखाली सुमारे २० मीटरवर सुरू होते, आणि पहिला परवाना तेथपर्यंत पोहोचतच नाही. मात्र ‘मित्राजवळ ते कार्ड आहे’ एवढेच उत्तर आले, तर पैसे पेटीतच असू द्यावे.

एक गोष्ट मात्र कोणतेच कार्ड शिकवीत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघे प्राणास मुकले. अपघात पाण्याखाली नव्हे, पाण्यावर झाला. होडीत किती माणसे बसविली आहेत, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे की नाही, वारा कसा आहे, हे पाहून ‘आज नको’ म्हणण्याचे धैर्य मुलाजवळ आहे काय, ते घरच्यांनी आधी पारखावे.

आणि ज्याने वर्ष-दोन वर्षे पाण्यास पाय लावलेला नाही, त्याने ‘प्रगत’चा विचार तूर्त बाजूस ठेवून त्याच पैशांतील थोडे खर्चून तलावात एक दिवस उजळणी करावी. मुखवट्यातील पाणी काढणे, जोडीदाराची हवा घेणे, सावकाश वर येऊन ५ मीटरवर ३ मिनिटे थांबणे, एवढे हातात पुन्हा बसले म्हणजे पुढचे काय ते शिक्षकच सांगेल.