मांजर, पुस्तक आणि माझा घाईचा सल्ला

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी पंचविशीतला एक तरुण आपल्या आईसोबत दवाखान्यात आला. मनगटावर मांजराने ओरबाडल्याच्या तीन ताज्या रेघा होत्या आणि त्यांतून रक्त आले होते. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. इमारतीच्या जिन्याखाली पाय दुखावलेले एक पिल्लू त्याला सापडले, ते त्याने घरात आणले, आणि जखमेला औषध लावताना पिल्लाने त्याला ओरबाडले. आई काकुळतीला येऊन म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच सांगा त्याला ते मांजर बाहेर सोडून यायला. स्वतःचं अजून धड नाही, त्यात हे कशाला?"

मी जखम धुतली, रेबीजची लस सुरू केली आणि "आई म्हणतात ते ऐक" असे सांगून मोकळी झाले. बाहेर रुग्ण खोळंबले होते. तो काहीच बोलला नाही. लसीच्या दुसऱ्या मात्रेला आला तेव्हा मात्र त्याने एक वापरलेले पुस्तक टेबलावर ठेवले. "मॅडम, वेळ मिळाला तर वाचा."

ते पुस्तक होते जेम्स बोवेन या लंडनच्या तरुणाचे 'अ स्ट्रीट कॅट नेम्ड बॉब'. ते २०१२ साली प्रसिद्ध झाले, पुढे २०१६ साली त्यावर चित्रपटही निघाला आणि त्यात बॉबने स्वतःच काम केले. कथा सरळ आहे. हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडण्याची धडपड करणारा, रस्त्यावर गिटार वाजवून पोट भरणारा, काही काळ बेघर राहिलेला हा माणूस. २००७ च्या वसंतात त्याला आपल्या इमारतीत पायाला जखम झालेला एक तांबूस बोका दिसतो. तो त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात नेतो. प्रतिजैविकांचा दोन आठवड्यांचा कोर्स मिळतो आणि त्यापायी खिसा जवळजवळ रिकामा होतो. बोका बरा झाला की आपल्या वाटेने जाईल असे त्याला वाटते. बोका मात्र जात नाही. तो बसमध्ये मागोमाग चढतो, खांद्यावर बसतो, आणि कॉव्हेंट गार्डनच्या गर्दीत ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे, त्या माणसाशी लोक थांबून बोलू लागतात.

अशी पुस्तके वाचून डोळे पाणावतात आणि 'मांजराने माणसाला वाचवले' असे आपण म्हणून टाकतो. डॉक्टर म्हणून मला येथे जरा थांबावेसे वाटते. बोवेन यांच्यावर रीतसर उपचार सुरू होते. हेरॉइनऐवजी ते मेथाडोन घेत होते, आणि पुढे त्यावरून ब्युप्रेनॉर्फिन या औषधाकडे वळले. हा बदल सोपा नसतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील त्याच जागांना घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच उत्तेजित करते. आधीचे औषध शरीरात असतानाच ते दिले, तर माघारीची लक्षणे एकाएकी उसळतात. म्हणून रुग्णाला आधी काही काळ औषधाविना काढावा लागतो. घाम, थंडी, अंगदुखी, उलट्या, जिवाची तगमग हे सारे सोसावे लागते. बोवेन यांनी ते दिवस घरात काढले, आणि बॉब त्यांच्याजवळ होता. उपचार औषधाने झाला. तो सोसण्याचे बळ मिळायला सोबतीचाही हात होता.

व्यसन सुटताना दोन गोष्टी एकदम अंगावर येतात. एक म्हणजे रिकामा वेळ, आणि दुसरी म्हणजे घरच्यांची नजर. पूर्वी सारा दिवस व्यसनाभोवती फिरत असे. आता तो दिवस भरायचा कशाने? मांजर सकाळी सहाला खायला मागते. त्याला तुमचा इतिहास ठाऊक नसतो आणि ते तुमच्या खिशांची झडतीही घेत नाही. 'माझ्यावाचून कोणाचे तरी अडेल' ही भावना अशा माणसाला फार दिवसांनी मिळालेली असते. ती औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

याच जातीचे दुसरे पुस्तक म्हणजे विकी मायरन यांचे 'ड्युई', प्रसिद्धी २००८. अमेरिकेतील आयोवा राज्यात स्पेन्सर नावाचे छोटे गाव आहे. तेथील ग्रंथालयात पुस्तके परत टाकण्याच्या पेटीत १८ जानेवारी १९८८ च्या कडाक्याच्या थंडीत एक पिल्लू सापडले. त्याचे पंजे थंडीने पोळले होते. त्या दशकात शेतीवरील संकटाने तो सारा प्रदेश खचला होता. ड्युई त्या ग्रंथालयात २००६ पर्यंत राहिला. त्याने कोणाचे कर्ज फेडले नाही. पण खचलेल्या माणसांना येऊन बसावेसे वाटेल अशी एक जागा गावात राहिली.

पुस्तक वाचून झाल्यावर मला माझाच सल्ला बोचू लागला. तिसऱ्या मात्रेला मायलेक आले तेव्हा मी दोघांना बसवले आणि जे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते ते सांगितले. आपल्या घरातही असे पिल्लू आले असेल, तर तेच आपल्यालाही सांगते.

मांजर चावले वा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून रुग्ण सहसा वाचत नाही. म्हणून लसीची एकही मात्रा चुकवू नये. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात. जखम वरून लहान दिसली तरी जंतू खोल जातात. सूज वा ठणका वाढला तर थांबू नये. पिल्लाला पशुवैद्यांकडे नेऊन लसीकरण, जंताचे औषध आणि योग्य वयात नसबंदी करून घ्यावी. घरात गर्भवती स्त्री असेल, तर मांजराची विष्ठा दुसऱ्याने रोजच्या रोज साफ करावी; तिच्यातील टोक्सोप्लाझ्मा जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. कोणाला दमा असेल आणि मांजर आल्यापासून तो बळावला, तर मात्र मांजरासाठी दुसरे चांगले घर शोधावे.

आणि शेवटचे, फार महत्त्वाचे. व्यसनातून उठणाऱ्या माणसाला 'मांजर पाळ, बरा होशील' असे सांगू नये. औषधे, समुपदेशन आणि नियमित तपासणी यांना पर्याय नाही. पण त्याने आपणहून कोणाची काळजी घ्यायला सुरुवात केली असेल, तर ती आधी नीट पाहावी. घाईने हिसकावून घेऊ नये. मी तेच करायला निघाले होते.

आईने त्या दिवशी बराच वेळ विचार केला. मग मुलाकडे न पाहता तिने मला विचारले, "त्याला दूध चालतं ना हो?"

"मोठ्या मांजरांना गाईचं दूध बाधतं पुष्कळदा," मी म्हणाले. "शिजवलेली मासळी द्या, बिनमिठाची, काटे काढून."

तो तरुण अजून दर महिन्याला तपासणीला येतो. मध्यंतरी एकदा त्याचा पाय घसरला. ते त्याने स्वतःच येऊन सांगितले आणि उपचार पुन्हा नेटाने सुरू केले. त्या दिवशी तो लवकर उठून निघाला, कारण मांजराच्या जेवणाची वेळ झाली होती.