नाव न लिहिणाऱ्या साहेबांस

साहेब,

हे पत्र तुमच्या टेबलावर तीनदा येऊन गेलं आहे. उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहितो. तुमचं किंवा कचेरीचं नाव मात्र घालत नाही. नाव न घालणं कसं असतं ते कळावं म्हणून.

मी तंजावरच्या राजवाड्यालगत राहतो. माझी भाची सात वर्षं तुमच्याकडे पर्यावरण सल्लागार होती. तुमची कचेरी चेन्नईला, तुम्ही मूळचे पुण्याकडचे. मुलाखतीत ती मराठीत बोलली तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "ही कुठली मराठी?" घरी येऊन तिनं ते कौतुकानं सांगितलं. मला तेव्हाच खटकलं. व्यंकोजीराजांपासून साडेतीनशे वर्षं आमची माणसं तमिळ मुलखात ही भाषा बोलत आली आहेत, तिचा रंग बदलणारच.

पण तक्रार ती नाही.

ती आता ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणते. मी आधी रागावलो, मग कागद वाचायला बसलो. तिथं या पेशाला स्वतःचा क्रमांक आहे: 234312, पर्यावरण सल्लागार. व्हिसाचा सगळा हिशेब गुणांचा. किमान 65 लागतात, निमंत्रण मात्र बहुधा त्याहून वरच्यांना येतं. वय 25 ते 32 असेल तर 30 गुण, 33 लागलं की 25. पोंगल झाला की तिला 33 पूर्ण होतात. परदेशातला पाच वर्षांचा मान्य अनुभव असेल तर 10 गुण. गंमत अशी, की मराठी किंवा तमिळची दुभाषी परीक्षा दिली तर 5 गुण मिळतात. तिनं तमिळ निवडली. "मामा, परीक्षकालाही माझी मराठी कुठली ते विचारावंसं वाटलं तर?" म्हणाली. मी गप्प बसलो.

अनुभवाच्या गुणांसाठी वेटॲसेस ही संस्था कौशल्य तपासते. त्या संस्थेला पदवीसोबत मालकाचं पत्र लागतं: कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमकं काय काम. तुम्ही दिलेलं पत्र दोन ओळींचं आहे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरीत होत्या, वर्तणूक चांगली होती. वर्तणूक! सात वर्षं कावेरीच्या शेवटच्या टोकाला, जिथं विहिरीत समुद्राचं खारं पाणी शिरतं, तिथं बाटल्या घेऊन फिरलेल्या मुलीची वर्तणूक.

तिचं काम तुम्हाला माहीत नाही असं नाही. ज्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल तुम्ही केलात, त्याच्याभोवतालच्या दहा किलोमीटरांतल्या विहिरी तिनं मोजल्या. पावसाळा वगळून एका हंगामाची मोजणी नियमाला पुरते. पण मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची ठरलेली तारीख 12 जून, आणि कालवा वाहू लागला की इथल्या विहिरी बदलतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून ती जुलैत पुन्हा गेली, सुट्टी टाकून, स्वतःच्या पैशानं. त्यावर तिनं लिहिलेलं दीड पान तुमच्या अहवालात स्वल्पविरामासकट छापलं आहे. तज्ज्ञांच्या यादीत तिचं नाव नाही. तिथं मान्यताप्राप्त तज्ज्ञांचीच नावं चालतात, हे तिनंच मला समजावलं. मान्य. पण पत्रात कुठला नियम आड येतो? की पत्रात खरं काम लिहिलं, तर अहवालावर सही करणारा तज्ज्ञ त्या विहिरींवर गेला होता का, असा प्रश्न निघेल?

साहेब, एकदा आमच्या गावी या. मोठ्या देवळाच्या भिंतीवर राजराज चोळानं हजार वर्षांपूर्वी चारशे नर्तकींची नावं कोरून ठेवली. प्रत्येकीचं नाव, कुठल्या रस्त्यावर कुठलं घर, तेही. त्याच देवळात सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. आणि राजवाड्यातले मोडी कागद तर विचारूच नका: कुणाला कशाबद्दल किती दिलं, याच्या नोंदीच नोंदी. माझे आजोबा मोडी वाचत. एखाद्या चाकराचं नाव लागलं की थांबून मोठ्यानं म्हणत. मला लहानपणी त्याचा कंटाळा यायचा.

पगार कमी होता म्हणून ती चालली आहे असं तुम्ही लोकांना सांगता, हेही कानावर आलं. पगार कमी होताच. पण त्या जुलैच्या दीड पानाबद्दल तुम्ही एकदा तिला कचेरीत बोलावून "हे तू लिहिलंस ना?" एवढं विचारलं असतं, तर ती इथंच राहिली असती, असं मला वाटतं. मामाचं वाटणं आहे, चूकही असेल.

तुमच्यावाचून तिचं अडेल असं समजू नका. मालक पत्र देत नसेल तर प्रतिज्ञापत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे जोडता येतात. ती तयारी आम्ही केली आहे. तरीही पत्र मागतो आहे.

मसुदा तिनंच लिहून ठेवला आहे, एक पान. त्यात एकही विशेषण नाही. तारखा, तास, गावं आणि विहिरींची संख्या, एवढंच. चौथ्यांदा पाठवतो आहे. तुमच्या सहीपुरती जागा खाली सोडली आहे.

आपला,
तिचा मामा
तंजावर