नक्कल म्हणून हिणवू नका

'दे धक्का' (२००८) ही अमेरिकन 'लिटल मिस सनशाइन'ची (२००६) नक्कल, असे म्हणून नाक मुरडण्याची चाल आम्हां परप्रांतस्थ अधिकाऱ्यांत आहे. हा आक्षेप आळशी आहे. देवलांचे 'संशयकल्लोळ' आणि पु. लं.ची 'ती फुलराणी' हीदेखील परकीय मुळांवरूनच उतरली. त्यांना कोणी हिणवीत नाही.

मूळ चित्रपटातील बाप यशाचे नऊ टप्पे विकू पाहतो. त्याच्यापाशी माल नाही, केवळ शब्द आहेत. मराठी बापापाशी इंधन वाचविणारा यंत्रभाग आहे. नाही ते गिऱ्हाईक! गाडीला धक्का मारीत मुंबईकडे निघालेल्या त्या कुटुंबाला आम्ही हसतो, पण ते हसे आमचेच आहे. माल घडवावा, मात्र विकणे कमीपणाचे, ही आमची जुनी समजूत.

झाशी-कानपूर रस्त्यावरील या मोठ गावी दारोदार हिंडणारा विक्रेता दिसला, की आम्ही दार लोटून घेतो आणि मुलांना परीक्षेच्या पुस्तकांकडे वळवितो. निवृत्तिवेतनाची हमी नसताना तोही घर चालवितोच ना? त्याला हसण्यापूर्वी आमच्या मुलांनी एक तरी वस्तू विकून दाखवावी!