हार्दिकवरचा राग आणि आपला रक्तदाब

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माचे कर्णधारपद काढून ते गुजरातहून परतलेल्या हार्दिक पंड्याकडे सोपविले. पाच वेळा करंडक आणणारा आपला माणूस बाजूला सारला गेला, याचे वाईट वाटणे स्वाभाविकच. पण २०२४ च्या मोसमात वानखेडेवर घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडविली गेली. निर्णय मालकांचा, शिव्या खेळाडूला. वड्याचे तेल वांग्यावर! २९ जूनला याच हार्दिकने टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक टाकले आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याचा जयघोष झाला.

राग विरला खरा, पण तो चढतो तेव्हा नाडी व रक्तदाबही चढतात. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या अडीच पटींहून अधिक आढळल्या. आधीच हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त होता. पनवेलकरांनी निष्ठा जरूर ठेवावी. मात्र सामन्यापायी रक्तदाबाची गोळी चुकवू नये, आणि छातीत दुखून घाम फुटला तर शेवटच्या षटकाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.