मोबाइलच्या बाजारात पहिली पन्नास घरे



भाताची झोडणी आटोपली, कणग्या भरल्या, की आपल्याकडे दरवर्षी एकच विषय निघतो, तो म्हणजे भाव. अलीकडे या बोलण्यात एक नवा आवाज मिसळू लागला आहे. घरातला शिकलेला मुलगा किंवा धाकटी सून म्हणते, "बाबा, भात व्यापाऱ्याला कशाला घालायचा? आपणच तांदूळ करून मोबाइलवर विकू." शहरात अशा नव्या धंद्याला 'स्टार्टअप' म्हणतात. आपण त्याला नवा घरधंदा म्हणू. हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यासाठी उद्याच म्हैस विकून जाहिरातीत पैसा घालावा, असाही नाही. आज त्याचाच शांतपणे हिशेब करू.

ऑनलाइन व्यापार म्हणजे काय, हे भिवंडी तालुक्याला कोणी शिकवायला नको. २०१३ साली अॅमेझॉन कंपनीने भारतात दुकान मांडले, तेव्हा तिचे पहिले मोठे कोठार भिवंडीतच उघडले. आज माणकोली, वडपे, पडघा या पट्ट्यात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांतल्या कितीतरी जागी पूर्वी भाताची खाचरे होती. आपली मुले तिथे माल भरायला आणि उतरवायला जातात. चपला, साबण, भांडी तिथून मुंबईच्या घराघरांत पोचतात, आणि शेजारच्या खाचरातला भात मात्र व्यापाऱ्याच्या काट्यावरच थांबतो. ज्यांच्याकडे आता एक-दोन एकरच उरले आहे, त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न आहे, जमीन ठेवायची की विकायची? ठेवायची तर तिच्यातून दोन पैसे जास्त सुटले पाहिजेत. मोबाइलच्या बाजाराकडे पाहायचे ते या कारणासाठी, हौसेसाठी नव्हे.

साधन नवे, नियम जुना

लिज्जत पापडाचे नाव कोणत्या घरात माहीत नाही? १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. उसने घेतलेले ८० रुपये एवढेच भांडवल. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली, ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. सुरुवातीला त्या उत्तम आणि हलका असे दोन प्रकार करीत असत. त्यांना ८० रुपये देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, की माल एकच ठेवा आणि त्याचा दर्जा कधी उतरू देऊ नका. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवली आणि अडचण दूर केली.

यात जाहिरात कुठे आहे? ओळखीचा पहिला गिऱ्हाईक, एकसारखा माल आणि हंगामाची अडचण ओळखून काढलेला मार्ग, या तीन गोष्टींवर धंदा उभा राहिला. आज पाकीट दाखवायला मोबाइल आला, एवढाच फरक. मोबाइल गिऱ्हाइकाची नजर आपल्याकडे वळवतो. तोच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, तो मात्र तांदळामुळे आणि आपल्या वागण्यामुळे येतो. धंदा खरा वाढतो तो या दुसऱ्या मागणीने.

म्हणून माझा पहिला सल्ला असा. हजारो लोकांपर्यंत पोचण्याचा विचार आज बाजूला ठेवा. फक्त पन्नास घरे धरा. कल्याण, ठाणे, डोंबिवली, मुलुंड इथे आपल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी आहे, मावसभाऊ, नणंद, मुलाचा मित्र, जुने मास्तर. त्यांच्या इमारतीतली पाच-पाच घरे मिळाली तरी दहा इमारतींत पन्नास घरे होतात.

कोणते माध्यम कशासाठी?

व्हॉट्सअॅप हे आपले पहिले दुकान. त्यात धंद्यासाठी वेगळे 'बिझनेस' अॅप फुकट मिळते. मालाचे फोटो, वजन आणि भाव त्यात मांडून ठेवता येतात. एकच निरोप अनेकांना धाडण्याची सोयही आहे, पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच तो पोचतो. तेव्हा पहिली पिशवी देतानाच सांगावे, "ताई, आमचा नंबर नावासकट साठवून ठेवा." आणि रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवून गिऱ्हाइकाला वैताग आणू नये. महिन्याला एक-दोन कामाचे निरोप पुरेत.

यूट्यूब हे ओळख करून देणारे साधन आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजीबाईंचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सत्तरीच्या या आजी शाळेत गेलेल्या नाहीत. नातवाने त्यांचे स्वयंपाक करतानाचे चित्रण यूट्यूबवर घातले आणि 'आपली आजी' हे चॅनेल लाखो लोकांनी पाहिले. त्यांनी नटून-थटून काही केले नाही. कारल्याची भाजी जशी घरी करतात तशी करून दाखवली. आपणही लावणी, झोडणी, कांडप, अगदी पेजेचा टोप दाखवू शकतो. पण ऑक्टोबर २०२० मध्ये हेच चॅनेल चोरांनी ताब्यात घेतले होते आणि ते काही दिवसांनी परत मिळाले. दुसऱ्याच्या जागेत मांडलेले दुकान केव्हा बंद होईल, याचा नेम नसतो. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि नंबर आपल्या घरच्या वहीत हवेतच. ही वही म्हणजे नव्या धंद्याचा सातबारा समजा.

मोठ्या कंपन्यांची ऑनलाइन दुकाने सर्वांत शेवटी. तिथे दलाली, परत आलेला माल आणि उशिरा मिळणारा पैसा, या तिन्ही गोष्टी सोसण्याची ताकद आधी यावी लागते.

एका क्विंटलचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत. आपापल्या गावचे आकडे घालून हाच हिशेब प्रत्येकाने करावा.

एक क्विंटल भातातून साधारण ६५ किलो तांदूळ धरू आणि घरपोच भाव किलोला ७० रुपये धरू. किलोमागे खर्च असा: कांडणी व सफाई ५ रुपये, पिशवी व लेबल ३ रुपये, टेम्पोचे भाडे ८ रुपये, तूट व बदली २ रुपये आणि घरच्या माणसांची मजुरी ६ रुपये. एकूण २४ रुपये. हाती उरले ४६ रुपये. ६५ किलोंचे झाले २,९९० रुपये. साधारण भाताचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे क्विंटलमागे सहाशे रुपयांच्या वर जास्त सुटले. कोंडा आणि कणी घरी राहिली, ती वेगळीच.

आता हाच तांदूळ एकेक पिशवी करून कुरियरने धाडला आणि किलोला ८ ऐवजी ४० रुपये भाडे पडले, तर खर्च ५६ रुपयांवर जातो. उरतात १४ रुपये, म्हणजे क्विंटलला ९१० रुपये. याच्यापेक्षा व्यापाऱ्याचा काटा बरा! एकाच इमारतीतली पाच-दहा घरे एकदम धरायची, ती यासाठीच. महिन्यातला एक वार ठरवावा, मागण्या आधी गोळा कराव्यात आणि एका खेपेत माल पोचवावा.

या हिशेबात घरच्या मजुरीचे ६ रुपये मी मुद्दाम धरले आहेत. तांदूळ निवडणे, पिशव्या भरणे, निरोपांना उत्तरे देणे हे काम बहुधा घरच्या बायकांच्या वाट्याला येते. ते फुकट धरले की धंदा फायद्याचा दिसतो आणि घरात कुरबूर सुरू होते. ही रक्कम दर महिन्याला त्यांच्या हातात पडावी.

माल कसा सांभाळावा?

सगळा भात एकदम कांडू नये. तांदळापेक्षा भात चांगला टिकतो. तो कडकडीत वाळवून, ओलावा १२-१३ टक्क्यांवर आणून साठवावा आणि मागणीप्रमाणे महिन्याचे महिन्याला कांडावा. पोरकिड्यांची तक्रार बरीच कमी होते. नवा तांदूळ शिजताना चिकट होतो, जुना मोकळा होतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे आणि पाणी किती घालायचे तेही कळवावे. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, भरल्याची तारीख आणि आपले नाव-पत्ता छापावा. अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्यावी.

नावाच्या बाबतीत तर फारच जपावे. शेजारच्या वाडा तालुक्याच्या 'वाडा कोलम' तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव चांगले खपते म्हणून दुसऱ्या कोणत्याही तांदळावर ते घालणे ही फसवणूक आहे आणि तो कायद्यानेही गुन्हा आहे. देवगडच्या हापूसला अशाच नकली मालाने सतावले. शेवटी तिथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळांवर क्रमांकाचे खास स्टिकर आणले. गिऱ्हाइकाने त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला की अस्सल-नकलीची खात्री होते. आपला तांदूळ 'कर्जत' वाणाचा असेल तर तसेच लिहावे, सोबत गावाचे नाव आणि झोडणीचा महिना घालावा. खऱ्या नावालाही गिऱ्हाईक मिळते, आणि ते टिकते.

दोन सावधगिऱ्या

पहिली पैशाची. 'आगाऊ रक्कम पाठवतो, कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असे कोणी म्हटले तर फोन ठेवून द्यावा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही समजावून ठेवावे.

दुसरी उतावळेपणाची. पहिल्या वर्षी चौथा हिस्सा भातच या धंद्यात घालावा, बाकीचा नेहमीच्या वाटेने विकावा. जाहिरातीसाठी कर्ज काढू नये. सहा महिन्यांनी वही उघडून पाहावे, की पन्नासांपैकी किती घरांनी पुन्हा मागणी केली? तीस-पस्तीस घरे परत आली असतील, तर शेजारच्या दोन शेतकऱ्यांना सोबत घेऊन शंभर घरांकडे जावे. दहाच आली असतील, तर नवे गिऱ्हाईक शोधू नये. उरलेल्या चाळीस घरांना फोन करून काय आवडले नाही ते विचारावे. तांदळात खडा होता, पिशवी उशिरा आली की भाव जड वाटला, हे तीच सांगतील.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. शंभर पानी वही आणा आणि रकाने आखा: नाव, पत्ता, नंबर, पिशवी दिल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, तक्रार, पुन्हा मागणी. मोबाइल मुलाच्या हातात असू द्या, वही सुनेच्या ताब्यात द्या. तांदळावर मात्र नजर तुमची हवी.

— कृषी विस्तार अधिकारी, भिवंडी