वाटणीपत्रात राहून गेलेले नाव

आपल्या कोणत्याही बाजारपेठेत जाऊन 'महावीर ट्रेडर्स कोठे आहे?' असे विचारावे, तर 'कोणते महावीर?' असा उलट प्रश्न येतो. किराण्याचे, कापडाचे की भांड्यांचे? अरिहंत, पार्श्व, आदिनाथ यांचीही तीच गत. श्रद्धेने ठेवलेल्या या नावांवर एकट्याची मालकी सांगावी असे आपल्या वाडवडिलांना वाटले नाही, आणि कायद्यालाही ते सहसा मान्य नाही. अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव राखून ठेवू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला. धर्मग्रंथाचे नुसते नाव कोणा एकाच्या मालाची खूण होऊ शकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

खरी भांडणे होतात ती आडनावावरून, आणि बहुधा घरातच.

मुंबईतील लोढा बंधूंचे प्रकरण अनेकांच्या स्मरणात असेल. थोरले अभिषेक लोढा यांच्या मॅक्रोटेक डेव्हलपर्सने जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. धाकटे अभिनंदन यांच्या 'हाउस ऑफ अभिनंदन लोढा' या उद्योगाने 'लोढा' हे नाव वापरू नये आणि ५००० कोटी रुपयांची भरपाई द्यावी, अशी मागणी होती. दोघेही जमीन-मालमत्तेच्याच व्यवसायात, आणि आडनाव दोघांचेही जन्मापासूनचे! न्यायालयाच्या सूचनेवरून सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन मध्यस्थ झाले आणि एप्रिलमध्ये समेट झाला. 'लोढा' व 'लोढा ग्रुप' ही नावे थोरल्यांची, 'हाउस ऑफ अभिनंदन लोढा' हे धाकट्यांचे, आणि दोन्ही उद्योगांचा परस्परांशी संबंध नाही हे दोघांनीही लोकांना स्पष्टपणे सांगायचे. आईवडिलांच्या मार्गदर्शनाने हे घडले, असेही उभयतांनी जाहीर केले.

'आपलेच आडनाव वापरायला कोणाची परवानगी?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३५ असा वापर करू देते, पण तो प्रामाणिक असावा लागतो. दिल्लीतील राक्यान या जवाहिऱ्यांच्या कुटुंबातला वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा एकाच कुटुंबातील दुसऱ्या पेढीला आडनाव वापरण्यास केलेली मनाई न्यायालयाने उठवली. उलट, ऐंशीच्या दशकात स्टीलच्या भांड्यांवर 'बजाज' छापणाऱ्या व्यापाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने रोखले, कारण स्वयंपाकघरातील विजेच्या उपकरणांमुळे ते नाव आधीच घरोघरी पोहोचले होते. आडनाव खरे असले, तरी ते फलकावर कशासाठी आले हे न्यायालय पाहते.

नावाचा विचार करूनही तंटा टळेलच असे नाही. रमणभाई पटेल व इंद्रवदन मोदी यांनी १९५२ मध्ये अहमदाबादेत काढलेली कॅडिला १९९५ मध्ये दोन घरांत विभागली गेली. 'कॅडिला' दोघांनीही वापरावे असे ठरले होते. पुढे एकाचे 'फाल्सिगो' आणि दुसऱ्याचे 'फाल्सिटॅब' अशी मलेरियावरची दोन औषधे बाजारात आली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ही औषधे इस्पितळांनाच विकली जातात, तेथे जाणकार असतात, हा युक्तिवाद २००१ मध्ये न्यायालयाने मानला नाही. चूक डॉक्टर आणि औषधविक्रेत्याच्या हातूनही होऊ शकते, आणि औषधातली चूक जिवावर बेतते. त्या दोन घरांपैकी कॅडिला हेल्थकेअरने २०२२ मध्ये आपले नाव बदलून झायडस लाइफसायन्सेस केले.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातील दोन भावांचे वाटणीपत्र मी लिहिले. मसाल्याची पेढी होती. दुकान, गोदाम, दळणयंत्रे, उधारी, बँकेतील शिल्लक, इतकेच काय, पितळी तराजूही कोणाकडे जाणार ते लिहिले. नाव मात्र लिहिले नाही. कोणी विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. वर्षभरात धाकट्याने पलीकडच्या गल्लीत त्याच नावाचे दुकान मांडले. थोरल्याच्या फलकावर 'आमची कोठेही शाखा नाही' आले, धाकट्याच्या फलकावर 'मूळ कारागीर येथेच'. एका गिऱ्हाइकाने धाकट्याकडून नेलेले तिखट खराब निघाले म्हणून थोरल्याच्या गल्ल्यासमोर आणून ओतले. संवत्सरीला दोघे भाऊ उपाश्रयात एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाले. पुढच्याच आठवड्यात दाव्याची तारीख होती. मी दोघांनाही तोंड दाखवू शकत नव्हतो.

दाव्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली. गुमास्ता परवाना आणि विक्रीकराचा दाखला आपल्या नावे आहे, तेव्हा नावही आपलेच, अशी थोरल्याची समजूत होती. ते दाखले व्यापार चालवण्याचे. त्यांनी नावावर मालकी येत नाही. ट्रेडमार्कची नोंदणी निराळी करावी लागते. आज ऑनलाइन अर्ज केल्यास व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४५०० रुपये सरकारी शुल्क पडते. नोंदणी १० वर्षे टिकते आणि पुन्हा नवी करता येते. नोंदणी नसली, तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला कलम ३४ चे संरक्षण असते. पण त्यासाठी जुनी बिले, जाहिराती, छापील पिशव्या दाखवाव्या लागतात. आपल्याकडे दर दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते आणि जुन्या रद्दीत जातात. त्या दाव्यात थोरल्याच्या कामी आली ती एका जुन्या लग्नपत्रिकेत छापलेली दुकानाची जाहिरात.

हल्ली वाटणीचा मसुदा घेऊन कोणी आले, की मालमत्तेची यादी उघडण्याआधी मी नावाचे विचारतो. ते कोण ठेवणार, कोणत्या मालासाठी, कोणत्या गावात, आणि दुसऱ्याने ते किती दिवसांत फलकावरून उतरवायचे? एकाने नाव घेतले, तर दुसऱ्याला त्याचा मोबदला किती? बहुतेकदा दोघे भाऊ एकदम म्हणतात, 'साहेब, ते आमचे आम्ही बघू.' मी पेन खाली ठेवतो आणि चहा मागवतो.